लपवलेल्या कौटुंबिक छळाची कुमारकादंबरी

घरातल्याच माणसाचा मार, लैंगिक अत्याचार किंवा सततचा मानसिक छळ बाहेर कुणाला कळू नये म्हणून धडपडणारी किशोरवयीन व्यक्तिरेखा जिच्या केंद्रस्थानी असते, असा कादंबरीचा एक प्रकार. तो प्रामुख्याने अमेरिकेतला असून विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीनेक दशकांत आकाराला आला. ‘यंग अडल्ट’ या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत कुमारसाहित्य आणि किशोरसाहित्य असे दोन पर्याय आहेत. पहिला इथे मुलगे व मुली दोघांसाठी घेतला आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ मध्ये या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग काढला. ग्रंथपालांच्या बोलण्यात ही संज्ञा साधारण त्याच सुमारास रुळली.

या प्रकाराचा आरंभ कुठून धरावा, हा वादाचा मुद्दा आहे. आधुनिक कुमारकादंबरीचा इतिहास बहुधा एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’पासून (१९६७) सांगितला जातो. कादंबरी निघाली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. तिच्यातल्या जॉनीला बाप मारतो, आईला त्याची पर्वा नाही. एवढ्यावरून हिला या प्रकारातली पहिली कादंबरी ठरवण्याचा मोह होतो खरा, पण जॉनीच्या घरी काय चालते हे त्याच्या टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कथानक लपवण्यावर उभे नाही.

दुसरा धागा वैद्यकातला. बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केंप व सहकाऱ्यांनी जुलै १९६२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या बालकांविषयी एक लेख लिहिला. पालक सांगतात ती हकिकत आणि क्ष-किरण चित्रात दिसणारी, निरनिराळ्या वेळी मोडून जुळत आलेली हाडे यांचा मेळ बसत नाही, हे त्यातले कळीचे निरीक्षण. त्यानंतरच्या पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी संशयित छळ सरकारी यंत्रणेला कळवण्याचे कायदे केले. संघीय कायदा १९७४ मध्ये आला. जिन्यावरून पडले, दारात बोट सापडले, ही उत्तरे आता डॉक्टर मुकाट्याने लिहून घेईनात. विलो डेव्हिस रॉबर्ट्स यांची ‘डोन्ट हर्ट लॉरी!’ (१९७७) याच हवेतली आहे. मारणारी आई जखमी मुलीला दरवेळी त्याच दवाखान्यात नेत नाही, आणि कुणाला संशय आला की बिऱ्हाड हलते. लॉरी अकरा वर्षांची, म्हणजे काटेकोरपणे पाहता कुमारवयाच्या अलीकडची. तरी लपवणे हाच कथानकाचा कणा झाल्यामुळे आरंभाचा मान तिला देणे अधिक सयुक्तिक दिसते.

या काळातल्या अशा लेखनाला समीक्षेत ‘समस्याप्रधान कादंबरी’ म्हणतात. कॅनडाच्या समीक्षक शीला इगॉफ यांनी ती संज्ञा बव्हंशी नापसंतीने वापरली: एक समस्या घ्यायची आणि माणसे तिच्याभोवती बसवायची, असा त्यांचा रोख होता. आक्षेप अगदीच निराधार नाही, मात्र पुढच्या पिढीतल्या लेखकांना तो सरसकट लावता येत नाही.

तंत्राचा खरा प्रश्न निवेदकाचा आहे. जी मुलगी कुणालाच सांगत नाही, तिची गोष्ट वाचकाला सांगणार कोण? एक तोड म्हणजे शेजारचा साक्षीदार. हॅडली अर्विन (हे दोन लेखिकांचे जोडनाव) यांच्या ‘ॲबी, माय लव्ह’मध्ये (१९८५) ॲबीवर प्रेम करणारा मुलगा निवेदक आहे, वाचकाइतकाच तोही अंधारात असतो. ख्रिस क्रचर यांच्या ‘स्टेइंग फॅट फॉर सेरा बर्न्स’मध्ये (१९९३) हीच तोड अधिक पेचदार होते. सेराचा चेहरा भाजलेला आहे, लहानपणी उकळते भांडे अंगावर ओढून घेतल्याने. निदान तसे सांगितले जाते. प्रत्यक्षात बापाने तिचे तोंड तापलेल्या शेगडीवर दाबलेले असते. व्रण लपवता येत नाही, म्हणून त्याची हकिकत बदलायची. निवेदक तिचा लठ्ठ मित्र. पोहण्याने वजन उतरू लागते तसा तो मुद्दाम जास्त खातो, मैत्रिणीला सोडून आपण देखण्यांत गेलो असे तिला वाटू नये म्हणून. क्रचर स्वतः मुलांचे समुपदेशक होते, हे तपशिलांत जाणवते.

दुसरी तोड पत्राची. नॅन्सी वर्लिन यांच्या ‘द रूल्स ऑफ सर्व्हायव्हल’मध्ये (२००६) मोठा भाऊ धाकट्या बहिणीला उद्देशून सगळे लिहून काढतो, छळणारी इथेही आईच. स्टीव्हन चबॉस्की यांच्या ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’मधला (१९९९) पत्रलेखक तर मावशीने केलेला अत्याचार स्वतःपासूनच दडवून बसलेला आहे. सिंथिया व्हॉइट यांनी ‘व्हेन शी हॉलर्स’मध्ये (१९९४) काळच आवळला. सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर मुलगी सावत्र बापासमोर सुरी ठेवते, आणि पुढे सारा एकच दिवस.

वर सांगितलेल्या कायद्यांचा कथानकांवर परिणाम झाला असावा. संशयित छळ कळवण्याचे बंधन शिक्षकांवर असल्याने त्यांना विश्वासात घेणे म्हणजे गोष्ट सरकारदरबारी जाणे. मग गुपित समवयस्काच्याच कानी पडते. जॅकलिन वुडसन यांच्या ‘आय हॅडन्ट मेंट टू टेल यू धिस’मध्ये (१९९४) हे कोडे सर्वांत उघड दिसते. लीनाला अत्याचार करणाऱ्या बापाइतकीच धास्ती आपली धाकट्या बहिणीपासून ताटातूट होण्याची आहे. ती मैत्रीण मारीकडून न सांगण्याचे वचन घेते. लीना गोरी, मारी कृष्णवर्णीय, दोघींनाही आई नाही. लपवणे म्हणजे केवळ भीती किंवा लाज, या सोप्या समजाला इथे छेद जातो.

असे विषय मुलांच्या हाती द्यावेत का, हा वाद जुना. जून २०११ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या एका लेखाने कुमारकादंबरी फार काळोखी झाल्याची तक्रार केली, तेव्हा वाचक-लेखकांनी ट्विटरवर ‘वायए सेव्ह्ज’ (यंग अडल्ट साहित्य तारते) या हॅशटॅगखाली तिला प्रत्युत्तर दिले.

ब्रिटनमध्ये या विषयाला जोडून येणारी ठळक कादंबरी मेल्व्हिन बर्जेस यांची ‘जंक’ (१९९६). तिला बालकुमार साहित्यासाठीचे कार्नेगी पदक मिळाले. बापाचा मार खाणारा टार त्यात घर सोडून ब्रिस्टलला पळतो; पुढचे कथानक मात्र हेरॉइनचे आहे.