ब्राझिलोडॉन आणि मॉर्गनुकोडॉन: पहिला सस्तन प्राणी ठरवताना जबड्यात काय पाहायचं?

चिचुंद्रीसारखा लांब तोंडाचा, केसाळ, रात्री किडे टिपणारा प्राणी आणि खाली ओळ: ‘जगातला पहिला सस्तन प्राणी’. हे चित्र पूर्वी मॉर्गनुकोडॉनच्या नावाने छापलं जायचं. २०२२ पासून ते ब्राझिलोडॉनच्या नावानेही दिसतं. चित्रावरून दोघांतला फरक कळणार नाही, आणि केस किंवा दूध यांचा पुरावा दोघांच्याही खडकांत उरलेला नाही. उरले ते जबडे, दात आणि कवट्या. म्हणून ‘सस्तन’ हा शब्द वापरायचा की नाही, हे तिथेच ठरतं.

ब्राझिलोडॉन ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातला, सुमारे २२.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं नामकरण २००३ साली झालं. मॉर्गनुकोडॉन त्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांनी आला. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन भागात चुनखडीच्या भेगांमध्ये गाळाबरोबर वाहून आलेली त्याची हाडं साचली, आणि १९४९ साली वॉल्टर क्यूने यांनी त्याला नाव दिलं. तिथे हजारो तुकडे मिळाले, पण सगळे सुटे. त्याच्या भाईबंदाच्या अखंड कवट्या मिळाल्या त्या चीनच्या युनान प्रांतात, लुफेंगला.

आता जबडा. सरड्याचा खालचा जबडा अनेक हाडं जोडून झालेला असतो. त्यातल्या मागच्या आर्टिक्युलर हाडाचा कवटीच्या क्वाड्रेटशी सांधा असतो. आपला खालचा जबडा म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकच हाड, दात धारण करणारं डेंटरी, आणि त्याचा सांधा कवटीच्या स्क्वामोजल हाडाशी. मग जुनी हाडं गेली कुठे? १८३७ साली कार्ल रायशर्ट यांनी डुकराचे गर्भ तपासून दाखवलं की ती कानात गेली: आर्टिक्युलरची हातोडी झाली, क्वाड्रेटची ऐरण. रिकीब मात्र आधीपासून कानातच होती. ही गोष्ट आजही डोळ्यांनी पाहता येते. ऑपॉसम या पोटपिशवीच्या सस्तन प्राण्याच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात डेंटरीचा सांधा अजून तयार नसतो, आणि हातोडी-ऐरणीचा सांधाच काही काळ जबड्याचं काम करतो.

मॉर्गनुकोडॉनमध्ये हे दोन्ही सांधे एकमेकांशेजारी आहेत. बाहेरच्या बाजूला डेंटरीच्या टोकाचा गोल गड्डा स्क्वामोजलच्या खळग्यात बसतो. त्याच्या आतल्या अंगाला आर्टिक्युलर आणि क्वाड्रेटचा जुना सांधा तसाच आहे. चावण्याचा भार नव्या सांध्याने उचलला, त्यामुळे जुनी हाडं बारीक होऊन आवाजाची कंपनं पोचवायला मोकळी होत गेली. ब्राझिलोडॉनमध्ये फक्त जुना सांधा आहे. त्याची डेंटरी मागे लांबवर जाते, पण स्क्वामोजलला भिडत नाही. २०२४ साली सीटी स्कॅनमधून हे स्पष्ट झालं.

सुटा जबडा हातात आला की बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. जिभेकडची बाजू आपल्याकडे करून धरला की मागच्या भागात आडवी पन्हळ दिसते. जुनी हाडं या पन्हळीत बसलेली असत. ती सैल असल्याने मेल्यावर लवकर गळून पडतात, मागे नुसती पन्हळ राहते. ‘पन्हळ आहे, म्हणजे सस्तन नाही’ असा निष्कर्ष काढणं सोपं, पण ही पन्हळ दोघांतही असते! ती नसलेला जुना प्राणी म्हणजे लुफेंगचाच हॅड्रोकोडियम, सुमारे १९.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची कवटी जेमतेम १२ मिलिमीटर, वजनाचा अंदाज २ ग्रॅम. तेव्हा पन्हळीने या दोघांचा निवाडा होत नाही. तो होतो डेंटरीच्या मागच्या टोकावर, आणि नेमकं तेच टोक सगळ्यात आधी मोडतं. वाहत्या पाण्यात घासून गुळगुळीत झालेला मोडका भाग गड्ड्यासारखा दिसू शकतो. भिंगाखाली पाहा: खऱ्या सांध्याच्या पृष्ठावर दाट, सलग थर असतो. मोडलेल्या जागी हाडाची जाळी उघडी पडलेली असते.

टोकच नसेल तर दात बोलतात. मॉर्गनुकोडॉनच्या दाढेला दोन स्पष्ट मुळं असतात. ब्राझिलोडॉनच्या मुळाला मधोमध खाच पडू लागलेली दिसते, पण दोन फाटे पूर्ण झालेले नाहीत. मात्र पुढच्या दाताला दाढ समजून मुळं मोजली तर सगळं चुकतं. दाताची जबड्यातली जागा आधी नक्की करावी. झीजही पाहावी. मॉर्गनुकोडॉनच्या वरच्या-खालच्या दाढा ठरावीक जागी घासतात, म्हणून वेगवेगळ्या प्राण्यांच्या दाढांवर झिजेचे सपाट डाग त्याच ठिकाणी सापडतात.

असा नेमका मेळ बसायला दात सारखे बदलून चालत नाहीत. बहुतेक सरडे आणि बहुतेक सायनोडॉन्ट (सस्तनांचे पूर्वज ज्या गटातले तो गट; ब्राझिलोडॉनही यातलाच) आयुष्यभर दात बदलतात. आपल्याला दोनच संच येतात: दुधाचे आणि कायमचे. पिल्लाचा जबडा वाढत असताना ते आईच्या दुधावर राहिलं, तर दातांची घाई नसते आणि एक संच वाचतो. मॉर्गनुकोडॉनमध्ये असे दोनच संच आहेत, म्हणून त्याच्या माद्या दूध पाजत असाव्यात असं मानतात. २०२२ साली ब्राझिलोडॉनच्या वेगवेगळ्या वयाच्या जबड्यांचे काप तपासले, तेव्हा त्यातही दोनच संच दिसले. ‘सर्वात जुना सस्तन प्राणी’ ही बातमी त्यातून आली.

आमच्या मते ही घाई आहे. दात एका वेळी बदलले, सांधा दुसऱ्या वेळी. २०२४ च्या त्याच अभ्यासात ब्राझीलच्याच रिओग्रांदिया या दुसऱ्या सायनोडॉन्टमध्ये डेंटरी आणि स्क्वामोजल एकमेकांना भिडलेली सापडली. तो प्राणी मॉर्गनुकोडॉनपेक्षा सुमारे १.७ कोटी वर्षांनी जुना, पण सस्तन प्राण्यांच्या वंशाला ब्राझिलोडॉनइतका जवळचा नाही. म्हणजे नवा सांधा एकाहून अधिक वेळा तयार झाला, आणि एकट्या सांध्यावरही शिक्का मारता येत नाही. त्यातून आणखी एक पेच: अनेक तज्ज्ञ ‘सस्तन’ हा शब्द आजच्या सस्तन प्राण्यांच्या शेवटच्या समान पूर्वजापासून पुढेच वापरतात. त्या व्याख्येने मॉर्गनुकोडॉनही बाहेर राहतो, सस्तनांच्या उंबरठ्यावरचा ‘मॅमॅलियाफॉर्म’ ठरतो.

उंबरठा हा शब्द त्याला शोभतोच. २०२० साली त्याच्या दातांच्या मुळांवरच्या सिमेंटम नावाच्या थरातली वार्षिक वलयं क्ष-किरणांनी मोजली, तेव्हा एक प्राणी १४ वर्षं जगल्याचं दिसलं. आजचे एवढेसे सस्तन प्राणी दोन-तीन वर्षांत संपतात. इतकं लांब आयुष्य म्हणजे शरीराची गती संथ, सरपटणाऱ्यांकडे झुकणारी. सांधा नवा, दात नवे, आणि आतली भट्टी अजून जुनीच.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण पुरावा बहुधा एका दाताचा असतो. मध्य प्रदेशातल्या टिकी थरांतला गोंडवानाडॉन एका दाढेवरून ओळखला गेला. त्याच थरांतून २००५ साली टिकिथेरियम आला, तोही एकाच दातावर. २०२४ मधल्या फेरतपासणीत तो चिचुंद्रीच्या कुळातल्या, फार अलीकडच्या प्राण्याचा दात ठरला. गाळ चाळणीवर धुताना वरच्या थरातला किंवा भेगेतून उतरलेला दात सहज मिसळतो. म्हणून प्रत्येक पोत्यावर थराची नोंद हवी, आणि नवा दात त्याच थरातल्या इतर हाडांशी रंग व खनिजभरणीने जुळतो का, हे आधी तपासायला हवं. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यातल्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळालं, त्या जुरासिक थरांतला इंडोझोस्ट्रोडॉन मॉर्गनुकोडॉनच्या गोतावळ्यातला मानला जातो. तिथून जोवर मागच्या टोकासकट जबडा मिळत नाही, तोवर त्याच्या सांध्याबद्दल दाढ काहीच सांगू शकत नाही.