सात मिनिटांत किती 'एक' मावतात?

गाणं इथे उतरवून काढत नाही. 'एक अनेक और एकता' या दूरदर्शनवरच्या जुन्या कार्टूनपटाचं नुसतं नाव घेतलं की पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्यात चाल सुरू होते, आणि तो 'एक चिडिया' म्हणेपर्यंत शेजारचा 'अनेक चिडियाँ' म्हणून मोकळाही होतो. ही चित्रफीत अधूनमधून कोणाच्या तरी मोबाइलवरून फिरत येते. तिच्यासोबत दोन ठरलेली भांडणंही येतात. पहिलं, हा आणीबाणीतला सरकारी प्रचार होता. दुसरं, ही हिंदीची सक्ती होती. दोन्ही भांडणांत तारखा सैल धरल्या जातात आणि शब्द त्याहून सैल.

आपल्या कार्टूनपटांची जुनी वंशावळ चार वाक्यांत उरकतो. आपल्याकडे चित्रपटाच्या जनकानेच १९१५ साली आगकाड्यांना नाचवून एक लघुपट केला होता. १९३४ साली पुण्यात 'जंबू काका' नावाचं कार्टून निघालं. १९५६ मध्ये मुंबईत सरकारी कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेच्या स्टुडिओतला एक चित्रकार इथल्या मुलांना शिकवायला आला. साठच्या दशकात त्या विभागातून कुटुंबनियोजनापासून विनोदापर्यंत बरंच काही निघालं, पण लहान मुलांच्या ओठांवर रुळेल असं गाणं मात्र त्यातून आलं नाही.

ते आलं १९७४ साली. चित्रपट जेमतेम सात मिनिटांचा. करणाऱ्यांची यादी पाहिली तर त्यात मराठी हात पुष्कळ दिसतात. दिग्दर्शिका मुंबईत जन्मलेली, लग्नानंतर पाटण्याला गेलेली, फिल्म सोसायटीच्या चळवळीत मुरलेली. संगीतकार कुडाळजवळच्या सोनवड्याचे, प्रभातच्या तालमीत तयार झालेले. शाळांमध्ये प्रार्थना म्हणून रुजलेली दोन चित्रपटगीतं, एक १९५७चं आणि एक १९७१चं, त्यांचीच. या चित्रपटानंतर वर्ष-दीड वर्षातच, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात ते गेले. गाणारी मुलगी दाभोळची. पुढे पार्श्वगायनात तिचं नाव झालं, पण तेव्हा ती शाळेच्या उंबरठ्यावर होती. गीतकार दिल्लीतल्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, म्हणजे गुरुपरंपरा फिरून गायनगुरू विष्णु दिगंबर पलुसकरांपाशीच येते. आणि चित्रं हलवणारा माणूस मुलतानचा. फाळणीत घरदार सोडून कुटुंबासह लखनौला आलेला, मुंबईच्या त्या कार्टून विभागात हात बसलेला. 'सगळे एक' हे चित्र ज्याने काढलं त्याचं स्वतःचं गाव सीमेपलीकडे राहिलं होतं. हे ठाऊक असेल तर शेवटचं कडवं थोडं वेगळं ऐकू येतं. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता आणीबाणी. ती लागू झाली २५ जून १९७५च्या रात्री. चित्रपट आदल्या वर्षीचा. त्यामुळे 'आणीबाणीने बनवून घेतलेला' हे म्हणणं तारखेच्या पहिल्याच पायरीवर घसरतं. आदलं वर्षही शांत नव्हतं म्हणा. गुजरातेत नवनिर्माण आंदोलन, बिहारमध्ये विद्यार्थी आंदोलन, मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप. पण ऐक्याचा हा सरकारी सूर त्याच्याही बराच आधीचा आहे. भाषावार प्रांतरचनेच्या लढ्यांनी दिल्लीला धास्ती बसली होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि १९६१ साली राष्ट्रीय एकात्मता परिषद स्थापन झाली. या दोन घटना लागोपाठच्या आहेत. आपण ज्या वर्षी मराठी राज्य मिळाल्याचे पेढे वाटून दमलो होतो, त्याच्या पुढच्याच वर्षी 'एकात्मता' हा शब्द सरकारी कागदावर घट्ट बसला. शाळेच्या भिंतींवरची 'विविधतेत एकता' ही पाटी त्याच घरातली.

प्रचार म्हणायचाच असेल तर चित्रपटापेक्षा तो दाखवणाऱ्या यंत्राकडे बघावं. टीव्ही तेव्हा आकाशवाणीचंच एक अंग होतं. दूरदर्शन नावाने त्याचा संसार वेगळा झाला तो १ एप्रिल १९७६ला, ऐन आणीबाणीत. दुसरी वाहिनी नव्हतीच. अशा पडद्यावर साधं खारीचं चित्र दाखवलं तरी ते सरकारी खार होतं.

खरा गुंता मात्र नावातच आहे, आणि त्याच्यावर कोणी फारसं भांडत नाही याचं मला नवल वाटतं. या सात मिनिटांत 'एक' हा शब्द तीन वेगवेगळी कामं करतो. सुरुवातीला तो आकडा असतो: सूर्य एक, तारे अनेक. मग तो व्याकरण होतो: खार, फुलपाखरू, पक्षी यांचं एकवचन आणि अनेकवचन. आणि शेवटी जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम पंख मारून जाळ्यासकट उडतात, उंदीर ते जाळं कुरतडतात, आणि कुठे सांधा बदलला ते कळायच्या आत 'एक' म्हणजे 'एकजूट' होतं. पाच वर्षांच्या मुलाला हे तीनही अर्थ एकाच चालीत मिळतात. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही चलाखी आहे. तर्काच्या दृष्टीने ती हातचलाखी आहे, कारण पहिल्या धड्यात 'एक' आणि 'अनेक' हे एकमेकांच्या विरुद्ध असतात (अनेक म्हणजेच 'न एक'), आणि तिसऱ्या धड्यात तेच अनेक 'एक' ठरतात. मोठ्यांना 'विविधतेत एकता' पचवायला आयुष्य जातं. इथे मध्ये फक्त एक जाळं आणि थोडे उंदीर आहेत.

मराठीत आणून बघितलं की गुंता उलगडतो, कारण हिंदीत जिथे एका शब्दावर भागतं तिथे आपल्याकडे चार आहेत. आकड्यातला एकटेपणा वेगळा. घरातली, भावकीतली ती 'एकी'. 'एकीचे बळ' ही जुन्या पाठ्यपुस्तकांतली गोष्ट, त्यात कधी काठ्यांची मोळी असते, कधी कबुतरं. पक्षांचं, संघटनांचं होतं ते 'ऐक्य', आणि ते होता होता फिसकटतं. सरकारी समारंभात असते ती 'एकात्मता', तिच्यात आत्माच एक होऊन बसलेला. आणि 'एकता' हा शब्द आपण वापरतो, पण तो बोलीत मुरलेला नाही, पाटीवरचाच राहिला. पक्ष्यांनी जाळं उचललं ती कोणती? उघड आहे, एकी. सगळ्यांनी एकदम पंख मारायचे, जीव वाचवायचा, मग ज्याने त्याने आपल्या झाडावर जायचं. आत्मा एक व्हायची त्यात कुठे गरज पडत नाही. एकीवरून एकात्मतेवर मारलेली ही उडी हाच या चित्रपटातला वादाचा मुद्दा आहे, आणि ती इतक्या गोड आवाजात मारली जाते की पन्नास वर्षं ती उडी वाटलीच नाही.

गोष्ट पंचतंत्रातली आहे, 'मित्रसंप्राप्ती' या दुसऱ्या तंत्राच्या तोंडाशी. मुळात ते कपोत, म्हणजे कबुतरं. त्यांचा राजा चित्रग्रीव, उंदीर हिरण्यक. उंदीर आधी राजाचे पाश तोडायला जातो तेव्हा राजा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड, माझे शेवटी. मूळ गोष्टीतला हाच कणा होता: नेता शेवटी सुटतो. सात मिनिटांत तो राहिला नाही. सरकारी ऐक्यपटातून नेमकं हेच वाक्य गळावं, याला योगायोग म्हणून सोडून देतो. मराठी मुलांनी पुढे आणखी एक बदल केला. हिंदीत चिडिया म्हणजे कुठलाही लहान पक्षी, पण आपल्याला ती चिमणीच वाटली.

आणि जाळं टाकणारा? हिंदीत 'बहेलिया', मराठी गोष्टींत हमखास 'पारधी'. हे दोन्ही शब्द कोशात शिकाऱ्यासाठी आहेत आणि गावात माणसांच्या जमातीसाठी. पारध्यांना १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो डाग कागदावरून १९५२ साली पुसला गेला. प्रत्यक्षात किती पुसला गेला ते बीड-सोलापूरकडच्या कुठल्याही पारधी वस्तीवर विचारावं. 'सगळे एक आहेत' असं गाऊन सांगणाऱ्या गोष्टीत जो एकटा बाहेर उरतो, त्याचं नाव एका खऱ्या जमातीचं आहे. करणाऱ्यांच्या मनात हे असेल असं नाही. पण शब्द निवडताना मनात नसलेलंही येतं. आज मराठीत ही गोष्ट सांगणाऱ्याने 'शिकारी' म्हणावं. चालीतही बसतं.

हिंदी सक्तीचा आरोप त्यामानाने सरळ आहे. शेवटी रंग, रूप, वेश आणि भाषा अनेक असल्याचं सांगितलं जातं, आणि आपल्यापर्यंत पोचलेल्या प्रतीत ते एकाच भाषेत सांगितलं जातं. यावर नेहमीचा बचाव असा, की त्या काळात दुसरं शक्य नव्हतं. तो बचाव टिकत नाही. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७५ला, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून खेड्यांत शिक्षणाचा टीव्ही पोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग सुरू झाला: सहा राज्यांतली २,४०० गावं, एक वर्षभर. तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेनाच्या छत्र्या. सकाळचा दीड तास पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी राखलेला, आणि त्याचे चार भाषांत साडेबावीस-साडेबावीस मिनिटांचे चार तुकडे: हिंदी, उडिया, कन्नड, तेलुगू. शिवाय एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या जायची सोय होती, म्हणजे तेच चित्र एका गावात तेलुगूत आणि दुसऱ्या गावात कन्नडमध्ये ऐकता येई. हलत्या चित्रांच्या गाण्याला याहून सोयीचं काय हवं? महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम बनवणारा इस्रोचा स्टुडिओ मात्र मुंबईत होता. भाकरी इथे थापली जात होती, जेवणारे दुसरीकडे.

मराठीत केलं असतं तर धडा उलट सुधारला असता, असं माझं मत आहे. गिलहरी, तितली, चिडिया हे तिन्ही हिंदीत स्त्रीलिंगी. अनेकवचनाची शेपटी सगळ्यांची सारखीच, आणि चिडिया-चिडियाँमध्ये तर फरक फक्त नाकात. मराठीत खार-खारी, फुलपाखरू-फुलपाखरं, चिमणी-चिमण्या: तिन्ही ठिकाणी शब्द वेगळ्या तऱ्हेने वळतो. कानाला धरून अनेकवचन शिकवायचं तर याहून चांगली उदाहरणं शोधून सापडणार नाहीत.

ज्यांना हा चित्रपट आठवतो त्यांनी तो वेळापत्रकात पाहिलेला नसतो. दोन कार्यक्रमांच्या मध्ये फट पडली की तो लागायचा. 'किलबिल' हा मुलांचा कार्यक्रम संपून पुढचं काही सुरू व्हायच्या आत, किंवा रविवारी सकाळी. कधी लागेल याचा नेम नसल्यामुळे लागला की घरभर आरडाओरडा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली. म्हणजे पहिली आठ वर्षं आपण 'रंग अनेक' असल्याचं गाणं काळ्या-पांढऱ्यात पाहिलं.

त्याच सुमारास अमेरिकेत नेमकी उलटी व्यवस्था उभी राहत होती. जानेवारी १९७३ पासून एका खासगी वाहिनीवर शनिवारच्या कार्टूनांच्या मध्ये तीन-तीन मिनिटांची शिकवणारी गाणी सुरू झाली. मूळ एका जाहिरात कंपनीत. मालकाच्या मुलाला रॉक गाणी तोंडपाठ आणि पाढे मात्र येईनात, म्हणून पाढ्यांनाच चाल लावून घेतली. तिथे ती गाणी जाहिरातींसारखी दर आठवड्याला परतपरत वाजली. आपल्याकडच्या फटींना असं वेळापत्रक कधी मिळालं नाही. पाढ्यांना चाल लावणं ही गोष्ट मात्र 'बे एके बे, बे दुणे चार' घोकलेल्या आणि पावकी-निमकीपर्यंत रडत गेलेल्या मराठी घराला नवी वाटायची नाही. त्यांची गाणी बारापाशी थांबतात. आपले पाढे तिसापर्यंत.

मराठी मुलांना स्वतःचं दुकान मिळालं ते १९८४ साली, पुण्यात, बालचित्रवाणीच्या रूपाने. आपला इन्सॅट उपग्रह आल्यावर ज्या सहा राज्यांत अशी केंद्रं निघाली त्यांत या वेळी आपण होतो. तिथून शालेय कार्यक्रम नेमाने निघाले, काही चांगले, बरेचसे फळ्यासमोर उभ्या गुरुजींचे. हलती चित्रं महाग पडतात. सेकंदाला चोवीस चौकटी, एकेक चित्र दोनदा वापरलं तरी बारा चित्रं, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांच्या घरात. ज्या संस्थेला वर्षाचा निधी कधी येईल याची खात्री नाही तिने बाहुल्या वापराव्यात, बाई उभ्या कराव्यात, हेच होणार. केंद्राचा निधी आटल्यावर राज्याने काही काळ ओढलं आणि २०१७ मध्ये दार बंद केलं.

मधल्या काळात १९८८च्या स्वातंत्र्यदिनी 'मिले सुर' हे दूरदर्शनवरचं अनेक भाषांतलं ऐक्यगीत आलं. त्यात माणसं खरी होती आणि मराठीला स्वतःची ओळ होती. आजच्या चर्चेत लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात, आणि चौदा वर्षांत सरकारला भाषांबद्दल काय सुचलं होतं तो फरक त्यात बुडतो. मग केबल, मग परदेशी कार्टूनं आधी इंग्रजीत, नंतर हिंदीत. मग यूट्यूब. तिथे मराठी बालगीतांना आता तोटा नाही. एकाच साच्यातून काढलेली, डोळे मोठे, रंग भडक, चाल संगणकाची. तेच डोलणारं बाळ आज मराठीत, उद्या तेलुगूत, परवा बंगालीत. एका चित्रावर दोन ध्वनिवाहिन्या ही १९७५ची सोय आता वीस भाषांपर्यंत गेली आहे. चित्रातल्या घरावर कौलं आहेत की पत्रा, अंगणात तुळस आहे की नाही, हे मात्र कोणी बदलत बसत नाही.

त्या १९७४च्या चित्रातल्या बागेत निदान खार आपली होती, पाठीवर पट्टे असलेली.