मुलांना चालणारा साय-फाय आणि सगळ्या घराचा साय-फाय

"मुलांसोबत बघता येईल असा एखादा साय-फाय सांग ना" असं कुणी विचारलं की त्यात दोन प्रश्न दडलेले असतात. मुलांनी पाहू नये असं यात काही नाही ना, हा पहिला. दुसरा वेगळाच आहे: धाकटीपासून आजोबांपर्यंत आम्ही सगळे एकत्र बसलो तर शेवटपर्यंत गुंतून राहू का? बहुतेक वेळा आपण पहिल्याचं उत्तर मिळवतो आणि दुसऱ्याचंही मिळालं असं धरून चालतो. मग अर्ध्या तासात धाकटी पेंगते, थोरली मोबाइल काढते आणि आईबाबा उगीच पडद्याकडे बघत राहतात. सिनेमा वाईट नसतो, सर्टिफिकेटही खोटं नसतं. मी समीक्षक नाही, साय-फाय मनापासून आवडणारा साधा प्रेक्षक आहे, पण या दोन जाती वेगळ्या आहेत याबद्दल माझं मत पक्कं आहे.

फरक दाखवायला मला एक जोडी फार आवडते. स्टॅन्ली क्युब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' १९६८ सालचा. अमेरिकेत त्याचं रेटिंग 'जी' आहे, म्हणजे कुठल्याही वयाला खुला. पिक्सारचा 'वॉल-ई' २००८ चा, त्याचंही 'जी'. कागदावर दोघे एकाच रांगेत. '२००१' मध्ये पहिला संवाद कानावर पडायला जवळपास पंचवीस मिनिटं लागतात, आणि 'वॉल-ई'च्या सुरुवातीच्या मोठ्या भागातही बोलणं जवळजवळ नाहीच. दोन्हींत यान चालवणारं यंत्र माणसाचं ऐकेनासं होतं आणि दोन्ही यंत्रांना एकच लाल डोळा आहे. 'वॉल-ई'तला कॅप्टन अखेर स्वतःच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा तर '२००१'मुळे जगभर पोचलेलं रिचर्ड स्ट्राउसचं तेच संगीत वाजतं.

इतकं साम्य असूनही एक सगळ्या घराचा आहे आणि दुसरा नाही. '२००१'मधला हॅल हा संगणक गाढ झोपेत ठेवलेल्या अंतराळवीरांना मारतो, तेव्हा पडद्यावर आपल्याला त्यांच्या प्रकृतीच्या रेषा सपाट होताना दिसतात. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही, त्यामुळे रेटिंग देणाऱ्यांना हरकत घेण्यासारखं काही नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला त्या रेषा म्हणजे मृत्यू हे कळत नाही. कळलंच, तर त्या भीतीचं काय करायचं हे दाखवणारं एकही माणूस सिनेमात नाही. शेवटची वीसेक मिनिटं पुन्हा शब्दांविना, आणि तिथे मोठेही आपापल्या एकांतात जातात. हा आजवरचा सर्वांत भव्य साय-फाय आहे असं मला वाटतं, आणि लहान मुलांना घेऊन पाहायला तो अगदी चुकीचा आहे.

'वॉल-ई'तली शांतता मात्र भरगच्च आहे. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात त्या छोट्या रोबॉटला हिऱ्याच्या अंगठीची डबी सापडते. तो अंगठी फेकून देतो आणि उघडमीट होणारी डबी जपून ठेवतो. मूल हसतं, कारण डबी खरंच जास्त मजेशीर आहे. आई हसते, कारण तिला हिऱ्याची किंमत माहीत आहे. दोघी एकाच क्षणी हसतात, कारणं निराळी. जुन्या 'हॅलो, डॉली!'ची व्हिडिओ कॅसेट लावून तो हात हातात घेणं शिकतो, तिथे आजीलाही स्वतःचं काही सापडतं. वॉल-ईचा आवाज घडवला बेन बर्टने, ज्याने 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू-डी-टू या रोबॉटला आवाज दिला होता. शब्द न वापरता यंत्राला लाज, कुतूहल, हट्ट कसा द्यायचा हे या माणसाला पुरतं ठाऊक आहे. बोलणं कमी असल्यामुळे अजून सबटायटल्स वाचता न येणारं मूलही मागे पडत नाही.

रेटिंगला दोष देण्यात अर्थ नाही. सिनेमात काय नाही एवढंच सांगणं हे त्याचं काम, आणि तेही तडजोडीने. १९८४ साली 'ग्रेमलिन्स' आणि 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हे 'पीजी' (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावेत असे) सिनेमे पाहून अमेरिकेतले पालक संतापले. त्याच वर्षी मधली पायरी म्हणून 'पीजी-१३' आली, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांना जास्त कडक इशारा. मधली पायरी हवी असं सुचवणाऱ्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग होता, जो त्या दोन्ही सिनेमांशी जोडलेला होता. पायऱ्या वाढल्या, पण त्या सगळ्या वजाबाकीच्याच.

आणि नुसत्या वजाबाकीतून घराचा सिनेमा होत नाही. याचा दाखला खुद्द स्पीलबर्गनेच दिला. 'ई.टी.' १९८२ चा, एक मुलगा आणि परग्रहावरून आलेला जीव यांच्या मैत्रीचा. २००२ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मुलांचा पाठलाग करणाऱ्या सरकारी माणसांच्या हातांतल्या बंदुका संगणकाने पुसून तिथे वॉकीटॉकी बसवल्या होत्या. सिनेमा त्याने काडीभरही जास्त घरगुती झाला नाही, उलट पाठलागातली धास्ती गेली. पुढे स्पीलबर्गला या बदलाचा पस्तावा झाला आणि तिसाव्या वर्षीच्या आवृत्तीत मूळ सिनेमाच परत आला. बंदुका असतानाही तो घराचाच सिनेमा होता.

का, ते त्यातल्या जेवणाच्या टेबलाच्या सीनमध्ये कळतं. तो मुलगा, एलियट, रागाच्या भरात बोलून जातो की बाबा मेक्सिकोत आहेत, आणि कुणासोबत आहेत तेही. लहान मुलाला ही एक साधी माहिती वाटते. थोडं मोठं मूल आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आणि खोलीतली मोठी माणसं गप्प होतात. त्या आईला स्वतःचं दुःख आहे, आणि सिनेमा ते झाकतही नाही, त्यावर थांबूनही राहत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ मुलाच्या उंचीवर आहे. पूर्वार्धात ती आई सोडली तर मोठ्यांचे चेहरे क्वचितच दिसतात. दिसतात ते टॉर्चचे झोत, पाय आणि कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. म्हणजे सिनेमा उभा मुलाच्या बाजूने आहे, पण मोठ्यांसाठी खुर्ची ठेवलेली आहे.

निव्वळ मुलांच्या साय-फायमध्ये ही खुर्ची नसते. रॉबर्ट रॉड्रिग्जचा २००५ चा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शार्कबॉय अँड लाव्हागर्ल' घ्या. त्याची कल्पना दिग्दर्शकाच्या लहान मुलाची आहे आणि सिनेमा ती जशीच्या तशी वापरतो: स्वप्नातला ग्रह, दूध-बिस्किटांचा प्रदेश, मनात येईल तसं वळण घेणारी गोष्ट. मला हे आवडतं. मुलाच्या कल्पनेवर मोठ्यांचं तर्कशास्त्र लादलेलं नाही. पण मोठ्या माणसाला यात शिरायला दारच नाही. असा सिनेमा मुलांना मित्रमंडळींसोबत खुशाल पाहू द्यावा. तो कमी दर्जाचा नाही, त्याची जागा वेगळी आहे. आजोबांना त्यासमोर बसवून "मजा आली का?" असं विचारणं दोघांवरही अन्याय आहे.

'हनी, आय श्रंक द किड्स' (१९८९) वरवर याच जातीचा वाटतो, पण तसा नाही. बापाच्या यंत्राने मुलं मुंगीएवढी होतात आणि घरामागचं गवत त्यांच्यासाठी जंगल बनतं. त्याच वेळी बाप त्याच गवतावर पाय न टेकवता, दोरीला लटकून त्यांना शोधतो. दोन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या. मुलांना जंगल मिळतं, बापाला अपराधाची टोचणी, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांची वाट पाहतात.

आता साय-फायच का, हे सांगायला हवं, कारण माझ्या मते एकत्र पाहण्यासाठी याच्याइतका सोयीचा दुसरा प्रकार नाही. इतिहासावरच्या सिनेमात मोठ्यांना संदर्भ ठाऊक असतात आणि मुलांना सतत समजावून सांगावं लागतं. साय-फायमध्ये पहिल्या दहा मिनिटांत सगळेच अडाणी असतात. हा प्राणी काय खातो, हे यान कसं वळतं, या ग्रहावर रात्र होते का, हे आजीलाही माहीत नसतं आणि नातवालाही. अनेकदा नातवाचा अंदाज आधी बरोबर येतो. ती बरोबरी टिकवायची तर सिनेमाने आपला नियम लवकर आणि डोळ्यांना दिसेल असा सांगायला हवा.

यात 'बॅक टू द फ्यूचर'चा (१९८५) हात कुणी धरू शकत नाही. यातला मुलगा एका गाडीतून आईबाबांच्या तरुणपणात जाऊन पोचतो: गाडीने ताशी ८८ मैलांचा वेग गाठला की काळ ओलांडला जातो. मुलं काटा बघत स्वतःच मोजू लागतात. भूतकाळात ढवळाढवळ झाली की काय होतं, हे त्याच्या भावंडांच्या फोटोतून एकेक जण पुसट होत जाताना दिसतं. कालप्रवासाचा विरोधाभास समजावणारी व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली, पण त्या फोटोएवढं स्वच्छ एकही नव्हतं.

गंमत अशी की या सिनेमाची पटकथा घेऊन दारोदार फिरताना इतर स्टुडिओंनी ती फार सोज्वळ म्हणून नाकारली, आणि डिस्नेने नेमक्या उलट कारणाने: तरुणपणीची आई स्वतःच्याच मुलाच्या प्रेमात पडते, हे त्यांना झेपलं नाही. सिनेमात गोळीबार आहे, गाडीतला एक ओंगळ जबरदस्तीचा प्रसंगही आहे, त्यामुळे अगदी लहानांना तो दाखवू नये. पण आठ-नऊ वर्षांपुढे तो घराचा होतो, कारण आपले आईबाबा कधीकाळी आपल्यासारखेच गोंधळलेले होते ही कल्पना मुलांना हादरवते आणि आईबाबांना सुखावते. लेखक बॉब गेलला ती सुचली वडिलांचं शाळेतलं वार्षिक पुस्तक चाळताना.

भीती आणि मृत्यू यांबद्दल मुलांना चालणारा आणि घराचा सिनेमा अगदी उलट वागतात. पहिला ते टाळतो. दुसरा त्यांना जागा देतो, पण सोबत कुणालातरी ठेवतो. ब्रॅड बर्डचा 'द आयर्न जायंट' (१९९९) १९५७ मध्ये घडतो, स्पुटनिक हा सोव्हिएत रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह सुटला त्या वर्षी, जेव्हा अमेरिकेतल्या वर्गांत अणुबॉम्ब पडला तर कसं लपायचं हे मुलांना दाखवलं जायचं. शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणापाशी तो अजस्र यंत्रमानव उभा राहतो आणि मरण म्हणजे काय हे त्याला कळत नाही. समजावतो तो शेजारचा लहान मुलगा. ज्याला समजावून घ्यायची गरज होती तो मूलच समजावणारा झाला. आपल्याकडचं मूलही तिथे ताठ बसतं. हा सिनेमा चित्रपटगृहांत चालला नाही, लोकांनी तो नंतर घरोघरी पाहून मोठा केला, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. 'द वाइल्ड रोबॉट' (२०२४) याच वाटेचा: रोबॉटच्या हातून अपघाताने एका पिल्लाचं सगळं घरटं चिरडलं जातं आणि उरलेल्या त्या पिल्लाला तो वाढवतो. एवढी जड सुरुवात ऐकून पालक बिचकतात. बिचकू नये.

आणखी एक घोटाळा थोडक्यात. कुटुंबाबद्दलचा साय-फाय म्हणजे कुटुंबाने पाहायचा साय-फाय नव्हे. 'इंटरस्टेलर' (२०१४) बाप-लेकीची गोष्ट आहे म्हणून अनेक जण मुलांना घेऊन बसतात. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि परतल्यावर बाप साठून राहिलेले मुलांचे निरोप बघत रडतो. तो सीन मोठ्यांचा आहे. लहान मुलाला दिसतो तो स्क्रीनसमोर बसलेला एक माणूस, पावणेतीन तासांच्या सिनेमात. तेराव्या-चौदाव्या वर्षी हाच सीन त्याला हलवून टाकेल.

सर्वांत अवघड निवाडा 'ज्युरासिक पार्क'चा (१९९३). डायनोसॉर म्हणजे मुलांचं विश्व, म्हणून तो मुलांचा वाटतो, पण रेटिंग 'पीजी-१३' आहे आणि ते रास्त आहे. दोन तासांहून मोठ्या सिनेमात डायनोसॉर दिसतात ते पंधरा मिनिटांच्या आसपास. बाकीचा वेळ ते येणार आहेत याची धास्ती: ग्लासातल्या पाण्यावर उठणारे तरंग, तुटलेली कुंपणं, आणि स्वयंपाकघरात स्टीलच्या कपाटांआड श्वास रोखून बसलेली दोन मुलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलासोबत मी तो निर्धास्त लावेन, कारण त्या वयात तो भीतीचा आनंदही घेतो आणि असे प्राणी बनवावेत का यावर मोठ्यांशी हिरिरीने भांडतोही. सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र थांबावं. त्याला डायनोसॉर हवेच असतील तर तूर्त पुस्तकातले पुरेत.