वर्गाबाहेरची जागा: बाळकृष्ण दोशींच्या शिक्षणसंस्थांमागची गोष्ट

बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांना 2018 मध्ये प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुरचनाकार. तेव्हा वर्तमानपत्रांत झळकली ती मुख्यतः अहमदाबादची गुफा हे भूमिगत कलादालन आणि इंदूरची अरण्य ही अल्प उत्पन्न गटासाठीची वसाहत. पण दोशींचा विचार सलगपणे वाचायचा असेल, तर त्यांनी बांधलेल्या शिक्षणसंस्थांकडेच जावे लागते. आपल्याकडे वास्तुपरंपरा म्हटली की घुमट, छत्री, झरोका असे सुटे भाग आठवतात आणि स्वातंत्र्यानंतरच्या कितीतरी सरकारी इमारतींनी ते काँक्रीटच्या सांगाड्यावर बिनदिक्कत चिकटवले. दोशींनी जुन्या वास्तूंकडून घेतली ती खोल्यांच्या मधली जागा.

दोशी मूळचे पुण्याचे. जन्म 26 ऑगस्ट 1927, घर गुजराती, एकत्र कुटुंबाचे. आजोबांचा लाकडी फर्निचरचा कारखाना. माणसे वाढतील तसतशा घराला खोल्या आणि मजले जोडले जात. घर एकदा बांधून संपत नाही, ही त्यांची पुढची आवडती कल्पना अशी लहानपणीच डोळ्यांखालून गेलेली होती. 1947 मध्ये ते वास्तुकला शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये दाखल झाले, पण अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच लंडनला गेले. तिथून पॅरिस, आधुनिक वास्तुकलेतले अग्रणी ल कॉर्बुझिए यांच्या कचेरीत. सुरुवातीचे काही महिने बिनपगारी काम. 1954 मध्ये ते परतले ते कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या कामांवर देखरेख करायला, आणि त्याच शहरात कायमचे राहिले.

अहमदाबाद नसते तर पुढचे काही घडले नसते, असे माझे मत आहे. गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई आणि शास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्यासारखी माणसे तिथे गिरण्यांच्या पैशातून संस्था उभ्या करत होती, आणि संस्थेची इमारतही विचारपूर्वक व्हावी असा त्यांचा आग्रह होता. कस्तुरभाईंच्या पुढाकाराने भारतीय विद्येच्या अभ्यासासाठी उभ्या राहिलेल्या लालभाई दलपतभाई संस्थेची इमारत दोशींनी केली. मुनी पुण्यविजयजींनी जमवलेली जैन हस्तलिखिते तिथे ठेवायची होती. दोशींनी जुने उपाश्रय, म्हणजे जैन साधूंच्या मुक्कामाच्या जागा, पाहिले आणि ग्रंथांना ऊन व दमट हवा लागू नये म्हणून भांडार अर्धे जमिनीखाली नेले. वरच्या मजल्याला व्हरांड्याची सावली दिली. बाहेरून मात्र ही इमारत अजून कॉर्बुझिएच्या शिष्याचीच वाटते. काँक्रीट जरा जास्तच बोलते.

1962 हे वर्ष निर्णायक ठरले. भारतीय प्रबंध संस्थेचे, म्हणजे आयआयएम अहमदाबादचे काम दोशींकडे येऊ शकत होते. त्यांनी त्यासाठी अमेरिकेतले वास्तुरचनाकार लुई कान यांचे नाव पुढे केले आणि स्वतः सहकाऱ्याची भूमिका घेतली. शाळेची सुरुवात झाडाखाली बोलणाऱ्या एका माणसापासून झाली, असे कान सांगत असत. स्थानिक वीट, तिच्या कमानी आणि उन्हाला अडवणारे भिंतींतले मोठे गोल, या सामग्रीतून त्यांनी अहमदाबादला एक परिसर दिला. मार्च 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर कान यांचा मृत्यू झाला. उरलेले काम पुढे नेले ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या अनंत राजे यांनी. मराठी वाचकांना हे नाव फारसे ठाऊक नसते, याचे वाईट वाटते. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था राजेंचीच.

त्याच 1962 मध्ये अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या पाठबळावर दोशींनी वास्तुकलेची शाळा सुरू केली. हीच पुढे ‘सेप्ट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सहाच वर्षांत तिची स्वतःची इमारत उभी राहिली. समांतर विटांच्या भिंती, त्यांच्यामध्ये दुहेरी उंचीचे स्टुडिओ, उत्तरेकडचा सौम्य उजेड आत घेणारी तिरकी छते. खाली मोठा भाग मोकळाच सोडलेला, आणि जमिनीचा चढउतार पायऱ्यांत मुरवलेला. वर्गात शिरायला धड दार नाही आणि वर्ग कुठे संपतो तेही कळत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पायऱ्यांवर बसून पाचव्या वर्षाच्या मुलाचे रेखाटन न्याहाळू शकतो आणि जाणारा शिक्षक दोन शब्द टाकून पुढे जातो. वाड्यातल्या ओसरीवर ज्यांचे बालपण गेले त्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. अहमदाबादच्या पोळांतही, म्हणजे जुन्या दाट गल्ल्यांच्या वस्त्यांतही, घराबाहेरचा ओटा हेच करतो. अहमदाबादच्या उन्हाळ्यात सावली आणि वारा ही चैन नसून गरज आहे, त्यामुळे ही मोकळीक हवामानालाही धरून होती.

ही कल्पना मोठ्या आकारात उतरली ती बंगळूरच्या आयआयएममध्ये. आराखड्याचे काम 1977 पासून, स्टाइन आणि भल्ला या वास्तुरचनाकार भागीदारांसोबत. 2009 च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातले इंजिनिअरिंग कॉलेज पाहिले असेल, तर ही इमारत तुम्ही पाहिलेली आहे. इथे नमुना होता फतेहपूर सिक्रीचा आणि मदुराईच्या देवळाचा. सिक्रीत चौकामागून चौक येतात, कोणताही रस्ता सरळ रेषेत नेऊन सोडत नाही. मदुराईत देवापर्यंत पोचण्याआधी माणूस लांबच लांब मंडपांतून चालतो. दोशींनी दोन्हींतले एकही खांब-कोरीवकाम उचलले नाही. उचलली ती चाल. लांब मार्गिका काही ठिकाणी छताने झाकलेल्या, काही ठिकाणी काँक्रीटच्या तुळयांवर वेली चढवलेल्या, तर काही ठिकाणी थेट आकाशाखाली. भिंती तिथल्याच करड्या ग्रॅनाइटच्या, खडबडीत. तासातासाला उजेड बदलतो आणि रस्ता तोच असूनही वेगळा वाटतो. मार्गिकांच्या कडेला बसायच्या जागा आहेत, कारण दोशींच्या मते शिक्षणाचा बराच भाग तास संपल्यावर सुरू होतो.

हाच आराखडा अहमदाबादेत चालला नसता, हेही लक्षात घ्यायला हवे. बंगळूरची हवा वर्षभर बऱ्यापैकी सौम्य असते म्हणून इतक्या मार्गिका उघड्या ठेवता आल्या. दोशींची स्वतःची कचेरी ‘संगथ’ अहमदाबादेत याच सुमारास झाली आणि तिचे उत्तर उलटे आहे: इमारत अर्धी जमिनीत, वर गोलाकार छते, त्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आवरण. ऊन परतवायला गुजरातच्या गच्च्यांवर तसे तुकडे बसवतातच. नंतर अनेक विद्यापीठांनी बंगळूरच्या तुळयांची नक्कल केली, पण आत वातानुकूलित काचेच्या खोल्या ठेवल्या. म्हणजे सजावट घेतली आणि कारण सोडून दिले.

दोशी 24 जानेवारी 2023 रोजी गेले. त्याआधीच त्यांच्या पिढीच्या इमारतींवर संकट आले होते. अहमदाबादच्या आयआयएमने कान यांच्या 18 पैकी 14 वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव 2020 च्या अखेरीस मांडला. गळती आणि 2001 च्या भूकंपातले नुकसान ही कारणे खोटी नव्हती. जगभरातून निषेध झाल्यावर प्रस्ताव मागे घेतला गेला आणि 2022 मध्ये पुन्हा तोच मार्ग धरला गेला. सेप्टच्या आवारात मात्र वेगळे घडले. 2017 मध्ये तिथे नवे ग्रंथालय झाले, ते त्याच शाळेत शिकलेल्या राहुल मेहरोत्रा यांच्या आराखड्यानुसार. दोशींच्या इमारतींपेक्षा ते वर डोके काढत नाही. पुस्तकांचा मोठा भाग जमिनीखाली आहे आणि जमिनीवरच्या भागाला हाताने उघडता येणारी उभी लाकडी झापे आहेत.