आतड्याला सूज असताना लोहाची गोळी का लागू पडत नाही

"रक्त कमी झालंय, नाचणीची आंबील घे, बीट खा." अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोहन या आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणाऱ्या आजारांच्या रुग्णाला कोकणात घरोघरी हा सल्ला मिळतो. नाचणी जरूर खावी, पण इथलं दुखणं ताटातलं नाही. आतड्यातल्या जखमांतून रोज थोडं थोडं रक्त जातं. त्यात सूज आली की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडतं. हेप्सिडिन आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणारं लोह अडवतं आणि साठ्यातलंही बाहेर पडू देत नाही. मग गोळीतलं बरंचसं लोह आतड्यातच राहतं आणि पोटात मुरडा, मळमळ सुरू होते.

तपासणीतही हीच सूज फसवते. हिमोग्लोबिन (एचबी) बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन एरवी ३० च्या खाली गेलं की कमी धरतात. पण सुजेत ते आपोआप वाढतं, म्हणून तेव्हा १०० पर्यंतही कमतरता असू शकते. फेरिटिन ६० आलं की रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं आणि उपचार राहून जातात. म्हणून सोबत सीआरपी (सूज दाखवणारी रक्तचाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते) करून घ्यावं. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर पेशींपर्यंत लोह पोचत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ ही तपासावं.

आजार शांत आणि एचबी ११ च्या वर असेल तर गोळी चालते. दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह नको; एका डोसनंतर हेप्सिडिन सुमारे दिवसभर चढलेलं राहतं, म्हणून एक दिवसाआड घेतलेलीही पुरते. उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी; चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी. शौच काळसर होते, ते साहजिक. डांबरासारखी चिकट झाली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. चार आठवड्यांत एचबी साधारण २ ने वाढायला हवं.

आजार उसळलेला असेल, एचबी १० च्या खाली असेल किंवा गोळी सोसत नसेल तर लोह शिरेतूनच द्यावं. उगाच महिनोन् महिने गोळ्या बदलत बसू नये. ५५ किलो वजन आणि एचबी ९ असेल तर साधारण १५०० मिलिग्रॅम लागतं. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे आठ खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका बैठकीत १००० पर्यंत देता येतं, उरलेलं आठवड्याने. ते महाग पडतं, पण देवगड-राजापूरहून रत्नागिरी किंवा कोल्हापूर गाठणाऱ्याने एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी धरून हिशोब करावा.

सुई टोचलेल्या जागी जळजळ झाली तर लगेच सिस्टरला सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग कायमचा राहू शकतो. नंतर अर्धा तास तिथेच थांबावं. अंगात ताप असताना हे सलाईन घेऊ नये. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) शंका असेल तर आधी त्याचा निकाल लावावा. वारंवार कार्बोक्सिमाल्टोज घेणाऱ्यांत फॉस्फेट उतरतं. थकवा वाढला, हाडं दुखू लागली तर ते तपासा.

सलाईननंतर फेरिटिन आठ आठवड्यांनीच करावं, आधीचा आकडा फुगलेला येतो. मग वर्षभर दर तीन महिन्यांनी एचबी आणि फेरिटिन पाहावं. फेरिटिन पुन्हा १०० च्या खाली आलं तर लोह पुन्हा द्यावं लागतं, आणि आतड्याची सूज खरोखर आटोक्यात आहे का, हेही तेव्हाच तपासावं.