कुंडीतला वाफसा

आमच्या शेजारच्या काकू गेल्या श्रावणात हातात कुंडी घेऊन आल्या, कुंडीत पिवळा पडलेला मनी प्लांट, देठ पार मऊ झालेले, आणि म्हणतात, "माय, मी रोज पानी टाकस, तरीबी मरी गयं." कुंडी हातात घेतली तर नुसती जड, माती दाबली तर चिखल. रोज पाणी टाकलं म्हणूनच ते गेलं होतं, पण इतकं जीव लावून वाढवलेल्या माणसाला हे लगेच सांगवत नाही. म्हणून हा लेख. घरात पहिल्यांदा झाडं ठेवणाऱ्यांसाठी, खास करून आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांसाठी, कारण पुस्तकातले नियम बऱ्याचदा थंड गावातले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात असतो.

काकूंचं माहेर शेतकऱ्याचं, त्यांना मी एकच शब्द सांगितला: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर कोणी लगेच औत घेऊन शेतात जात नाही, दोन-चार दिवस थांबतो, मूठभर माती दाबून बघतो, गोळा व्हायला पाहिजे पण खाली टाकला की फुटायला पाहिजे, तेव्हा म्हणायचं वाफसा आला. म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांमध्ये पाणी पण आहे आणि हवा पण आहे. मुळांना ही हवा लागते, मूळ श्वास घेतं, ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतं आणि त्या ऊर्जेवर मातीतले क्षार आत घेतं, स्वतः जिवंत राहतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. कुंडीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, नंतर सडतं, आणि अशा ओल्या मातीत पिथियमसारखे रोगजंतू तर वाटच बघत असतात, नंदुरबारकडे मिरचीच्या रोपवाटिकेत पाणी जास्त झालं की रोपं बुंध्याशी कोलमडतात त्यातही हाच गडी असतो.

आता यातली फसवी गोष्ट अशी की मूळ सडलं की पाणी वर चढत नाही, मग पानं सुकल्यासारखी लोंबतात, आणि आपण बघतो आणि म्हणतो अरे तहान लागली, आणि अजून एक तांब्या ओततो. कपाशीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. लांब उघडीप पडल्यावर एकदम जोराचा पाऊस होतो, शेतात पाणी साचतं आणि एक-दोन दिवसांत हिरवीगार कपाशी मान टाकते, आकस्मिक मर म्हणतात त्याला, तेव्हा कोणी पाणी देत नाही, चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवतात. कुंडीचं पण तेच. पान लोंबलं की आधी बोट दोन पेर मातीत घालायचं. बोटाला ओल लागली तर पाणी नाही. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कुंडी उचलून बघायची, पाणी दिल्यावर किती जड असते आणि कोरडी असताना किती हलकी हे आठ-दहा वेळा उचललं की हाताला कळायला लागतं.

आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण छोट्या कुंडीत नुसती तीच भरू नका. बेसाल्टचा दगड झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. कुंडीत काय होतं, ओली असेपर्यंत हवा कोंडते आणि वाळली की मातीचा गोळा कडेपासून सुटतो, मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं पाणी मिळालं आणि मधलं मूळ कोरडंच. मी एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा घेते. आणि कुंडीला खाली भोक पाहिजेच, त्याला पर्याय नाही.

भोकावर खडीचा थर देतात ना सगळे, "पाणी निघून जातं" म्हणून, त्याने उलट होतं. भांडी घासायचा मोठा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, गळून गळून थांबेल. मग तोच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. म्हणजे तळाशी पाण्याचा एक थर स्पंज धरूनच ठेवतो, त्याची जाडी साधारण तेवढीच राहते, उंची जास्त असली तर वरचा जास्त भाग मोकळा होतो एवढंच. मातीचं पण तसंच आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडकतं, म्हणजे खडी घालून आपण तो ओला थर मुळांच्या अजून जवळ आणला. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, बस.

आता झाडं कोणती. माझ्या मते नवख्या माणसाने चारच घ्यावीत: स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, स्पायडर प्लांट. कोरफडीला खिडकीचं ऊन पाहिजे, ते असेल तर पाचवी ती.

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, आणि ते का मरत नाही याची गोष्ट आपल्या ओळखीच्या पानफुटीपासून सांगता येते, शाळेत पानाच्या कडेला रोपं फुटतात म्हणून शिकवतात तीच पानफुटी. बेंजामिन हाइन नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ मद्रासकडे काम करायचा, त्याने पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा गेला, आणि हे त्याने १८१३ मध्ये पत्रात लिहून लंडनला कळवलं. (तुम्ही चावू नका, ही पानं पोटात जाणं चांगलं नाही.) कारण पुढे खूप वर्षांनी उलगडलं. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण छिद्र उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन उडतं, आणि आपल्याकडच्या दुपारी तर फारच उडतं. पानफुटी, कोरफड, बांधावरचं घायपात, स्नेक प्लांट ही मंडळी छिद्रं रात्री उघडतात, हवा गार असते तेव्हा, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवतात, सकाळी दार बंद, आणि दिवसा उजेडात ते आम्ल मोडून साखर बनवतात. सकाळचा आंबटपणा तो हा. साध्या झाडाला १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवायला ४०० ते ५०० ग्रॅम पाणी घालवावं लागतं, यांना ५० ते १०० ग्रॅम पुरतं. म्हणून पाणी विसरलं तरी चालतं, आणि रोज घातलं तर ही सगळ्यात आधी सडतात, कारण त्यांना ते लागतच नाही. आमच्याकडे स्नेक प्लांटला उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाणी असतं, तुमच्या घरी थोडं वेगळं निघेल, कुंडी उचलून बघा.

यावरूनच एक गैरसमज पसरलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, बेडरूममध्ये ठेवा. ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून तयार होतो आणि त्याला उजेड लागतो, रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढं खरं, ऑक्सिजनचं काम दिवसाच होतं. हवा शुद्ध करण्याचं पण तसंच. १९८९ साली नासाचे बिल वॉल्व्हर्टन यांनी छोट्या बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, पेटीतले विषारी वायू कमी झाले, आणि तिथून "नासा म्हणतं" सुरू झालं. पण आपलं घर बंद पेटी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र करून गणित मांडलं, तर हवा बदलण्याचं जे काम घरात आपोआप होत असतं तेवढं करायला एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. सकाळी खिडक्या उघडा, त्याने हवा बदलते, झाड आवडतं म्हणून ठेवा.

झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं, कुंडीत खाली बटाट्यासारखे कंद करतं आणि जाड देठात पण पाणी साठवतं. मुलं महिनाभर मामाकडे गेली, घराला कुलूप, तरी हे उभं. मनी प्लांट आपल्या अळूच्या आणि सुरणाच्या खानदानातला, झेडझेड पण त्याच खानदानातलं, म्हणून अळू जसं घशाला खाजवतं तशीच यांच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, रांगणारं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो म्हणतात, तर चोरून आणा की मागून आणा, तुकड्यावर एक गाठ पाहिजे, पान जिथून निघतं ती जाड जागा, मूळ तिथूनच फुटतं. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर मूळ फुटलं तरी नवा वेल येत नाही. हे झाड मूळचं ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरचं, आणि याला फूल आलेलं तुम्ही पाहिलं नसेल, लागवडीतल्या झाडाला आपणहून फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची आहे, २०१६ मध्ये कळलं की जिबरेलिन हे संप्रेरक बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे. म्हणून सगळा पसारा तुकड्या-तुकड्यांनी झालाय, या घरातून त्या घरात.

स्पायडर प्लांट आफ्रिकेतलं असलं तरी सफेद मुसळीचं सख्खं नातेवाईक आहे, पावसाळ्यात सातपुड्याकडून बाजारात येणारी फोडशीची भाजी पण याच गोत्रातली. त्याची जाड मुळं पाणी साठवतात, त्यामुळे ते पण सहनशील. फक्त पानांची टोकं तपकिरी होतात आणि लोक विचारतात काय रोग आहे. बहुतेक वेळा रोग नसतो, क्षार असतात.

हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरची गवताची जाळी काढून बघा, पांढरी, कडक, कुरकुरीत झालेली असते. बोअरच्या पाण्यातले क्षार ते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीत पण तेच चालू असतं, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो, आणि पानाच्या टोकाशी क्षार साचून टोक जळतं. म्हणून कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना टाकू नका, वाया जातंय म्हणून जीव तुटतो मला माहितीये, पण दिवसभर उडून उडून ते अजून खारं झालेलं असतं. आरओमधून बाहेर पडणारं पाणी पण तसंच. ते फरशी पुसायला वापरा. आणि मृगाचा पाऊस आला की सगळ्या कुंड्या एक रात्र बाहेर ठेवा, भोकातून पाणी धो धो वाहू द्या, वर्षभराचे क्षार धुऊन निघतात, फक्त दुसऱ्या दिवशी आत आणायला विसरू नका.

कूलरच्या खोलीत झाडं चांगली राहतात, बाहेरची कोरडी गरम हवा तिथे ओलसर गार होते, पण थेट झोतात नको आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला चिकटून तर नकोच, तिथे पान भाजतं आणि भाजलेला डाग परत हिरवा होत नाही.

उजेडाचं एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात आपण पडदे ओढून घेतो, जुन्या धाब्याच्या घरात तर भिंती जाड आणि खिडक्या लहान, आपल्याला त्या अंधारात पण नीट दिसतं कारण डोळा जुळवून घेतो. बाहेर उन्हात १ लाख लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, खोलीच्या मधोमध शंभर-दोनशे. झाडाला हा फरक पाचशे-हजार पटीतच कळतो. मोबाईलमध्ये उजेड मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, बरोब्बर आकडा नाही देत पण कोपरा आणि खिडकी यातला फरक समजतो. खिडकीपासून दोन-तीन फुटांवर झाड ठेवा, आणि जितका उजेड कमी तितकं पाणी कमी, कारण झाड पाणी वापरतं ते उजेडाच्या हिशोबाने.

काकूंच्या त्या मनी प्लांटचा एक गाठीचा तुकडा शाबूत निघाला, तो बाटलीत लावला, दोन आठवड्यांत मूळ आलं. त्याच दिवशी, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्यांना झेडझेडचं एक पान पण दिलं, वाळूत अर्धं खोचून. दिवाळी गेली, संक्रांत गेली, वर काहीच नाही, त्या रोज येऊन म्हणायच्या उपटून बघू का, मी म्हणायचे नका हो, खाली कंद होतोय, आधी तो होतो मग कोंब. पाणी महिन्यातून एकदा, चमच्याने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायच्या गडबडीत त्यांचा फोन आला, कोंब आलाय, बोटभर, हिरवागार, आणि आता पाणी किती घालू.