छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश : कधी लावायचा, कधी बंद ठेवायचा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)

आमच्या दुकानात प्रिंट काढायला येणाऱ्या मेमरी कार्डांत नाट्यगृहातला एक फोटो हमखास सापडतो. पुढच्या दोन-तीन रांगांची डोकी लख्ख आणि रंगमंच काळाकुट्ट. ग्राहक विचारतात, ‘कॅमेरा बिघडलाय का?’ बिघडलेला नसतो. फ्लॅशची पोच तेवढीच असते.

छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण ३ ते ५ मीटरपर्यंत काम करतो. म्हणजे घरातल्या एका हॉलपुरता. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. त्यामुळे बारशाच्या ग्रुप फोटोत पुढे बसलेली आजी पांढरीफटक येते आणि मागे दाराशी उभे असलेले काका ओळखू येत नाहीत. सगळ्यांना कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर, थोडं अर्धगोलात उभं करा. तेवढ्यानं फोटो सुधारतो.

झूम शक्यतो करू नका. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत पूर्ण झूमला लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/५.९ च्या आसपास बारीक होतं आणि आत येणारा प्रकाश पावपट होतो. चार पावलं पुढे जाणं झूमपेक्षा कधीही बरं. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात फ्लॅश मारूच नका. रंगमंच उजळण्याइतका तो पोचत नाही आणि नटांच्या डोळ्यांवर मात्र येतो. फोटो काढायची परवानगी असेल, तर फ्लॅश बंद करून रंगमंचावरच्या दिव्यांवरच काढा.

विजेच्या खुणेचं बटण दाबलं की पर्याय दिसतात. वीज आणि ‘ए’ म्हणजे कॅमेरा स्वतः ठरवणार. नुसती वीज म्हणजे दर वेळी फ्लॅश. काट मारलेली वीज म्हणजे बंद. डोळ्याची खूण फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून. अंधारात बाहुली मोठी झालेली असते आणि फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, म्हणून डोळ्याच्या पडद्यावरचा रक्ताचा लाल रंग थेट परत येतो. ही खूण निवडली की आधी एक छोटा प्रकाश पडतो, बाहुल्या आक्रसतात आणि मग खरा फोटो निघतो. पहिल्या प्रकाशाला ‘झालं’ समजून मंडळी हलतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. खोलीतले दिवे सगळे लावले तरी लाली कमी होते.

आता ज्या पर्यायाकडे बहुतेक जण बघतच नाहीत, तो : स्लो सिंक्रो. काही कॅमेऱ्यांत तो माणूस आणि चांदणीच्या चित्राखाली, ‘नाइट पोर्ट्रेट’ म्हणून असतो. तलावपाळीवर रात्री साध्या फ्लॅशनं फोटो काढलात तर चेहरा उजळतो आणि मागे नुसता अंधार. मासुंदा तलावातले दिवे गेले कुठे? शटर इतक्या लवकर मिटतं की ते नोंदलेच जात नाहीत. स्लो सिंक्रोमध्ये फ्लॅश चेहरा उजळतो आणि शटर आणखी थोडा वेळ, कधी पूर्ण सेकंदभर, उघडं राहून मागचे दिवे टिपतं. कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि फ्लॅश पडल्यावरही समोरच्याला जागचं हलू देऊ नका. आमच्या मते या कॅमेऱ्यांतली ही सर्वांत उपयोगी सोय आहे.

घरच्या गणपतीला मात्र फ्लॅश नको. मुकुटावर पांढरा ठिपका उमटतो, समईचा उजेड आणि दिव्यांच्या माळा फिक्या पडतात. मूर्ती काही हलणार नाही. कॅमेरा स्टुलावर ठेवा, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) २०० ते ४०० आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. आरतीला माणसं हलतात, तिथे फ्लॅश हवाच. चेहरे फारच पांढरे आले तर फ्लॅशवर टिश्यू पेपरचा एक पदर धरा.

दहीहंडीच्या पावसात फोटोभर पांढरे गोल उमटतात, ते लेन्ससमोरचे थेंब. कोरड्या दिवसांत तेच काम धूळ करते. (कुणी त्यात आत्मा-बित्मा शोधतं. आम्ही वाद घालत नाही, प्रिंट काढून देतो.) काचेच्या फ्रेमचा किंवा चष्मेवाल्यांचा फोटो थोडा तिरक्या कोनातून घ्या.

भर दुपारी खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, कारण कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे. तिथे ‘ए’ सोडून नुसती वीज निवडा.

दोन फ्लॅशमध्ये काही सेकंद थांबावं लागतं. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर कॅमेरा अजून चार्ज गोळा करतोय. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साध्या सेलऐवजी रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा, थांबणं बरंच कमी होईल.

हल्ली कपाटातले जुने डिजिकॅम मुलं पुन्हा बाहेर काढताहेत. फ्लॅश पेटत नसेल तर यूट्यूब बघून कॅमेरा घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते टिकून राहू शकतात. सेल, चार्जर आणि कार्ड घेऊन दुकानात या. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा काउंटरवरच तपासून देतो.